जुना ॲक्शन कॅमेरा, नवा फोन आणि चिखलकाल्याची आदली संध्याकाळ: वाय-फाय जोडणीचे एक प्रकरण

गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो खेळला जातो. अंगाला तेल चोळलेले लहानथोर भर पावसात चिखलात उतरतात, आणि ज्यांच्या हातात साधा फोन असतो त्यांना मैदानाच्या कडेला छत्रीखाली उभे राहून मिळेल तेवढेच टिपावे लागते. माझ्या भाच्याला मात्र खेळ आतून, खेळणाऱ्याच्या छातीच्या उंचीवरून टिपायचा होता. त्यासाठी त्याच्याकडे एक ॲक्शन कॅमेरा होता. त्याच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या काकांनी तो सुमारे दहा वर्षांपूर्वी आणला होता, आणि मागच्या सुट्टीत पुन्हा बोटीवर जाताना वॉटरप्रूफ केस, छातीचा पट्टा आणि दोन बॅटऱ्यांसह तो पुतण्याला देऊन टाकला होता. एकादशीच्या दुपारी भाचा हे सगळे साहित्य पिशवीत घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, कॅमेरा चालू होतो, पण फोनला जोडत नाही. उद्या सकाळी पाहिजे."

हा कॅमेरा फोनला जोडणे इतके आवश्यक का होते, हे आधी सांगायला हवे. या कॅमेऱ्याला मागे पडदाच नाही. पुढच्या बाजूला नखाएवढी एक खिडकी आहे, तिच्यात बॅटरी, रिझोल्यूशन आणि क्लिपची संख्या एवढेच दिसते. त्या पिढीत ही सर्वसाधारण रचना होती. २०१२ मध्ये आलेल्या गोप्रो हिरो ३ आणि सोनीच्या एचडीआर-एएस१५ या दोन्ही कॅमेऱ्यांत वाय-फाय अंगभूत होते, पण चित्र पाहण्यासाठी पडदा नव्हता. गोप्रोने तो २०१४ च्या हिरो ४ सिल्व्हरमध्ये दिला. तोपर्यंत चौकटीत काय येते ते पाहायचे तर फोन हाच पडदा, अशी कल्पना होती. आमचा कॅमेरा या दोन्हींपैकी नाही, परंतु जातकुळी तीच. छातीच्या पट्ट्यावर तो दोन बोटे जरी खाली झुकला तरी सगळ्या चित्रीकरणात फक्त खेळणाऱ्याचे गुडघे आणि चिखल येतो, आणि हे नंतर कळून उपयोग नसतो.

भाच्याने माझ्याकडे येण्यापूर्वी फोंड्यातील एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कॅमेरा दाखवला होता. तेथे तो न उघडताच "वाय-फायचा पार्ट गेलाय" असे सांगण्यात आले. हे निदान दोन मिनिटांत खोडून काढता आले, कारण कॅमेऱ्याचे वाय-फायचे बटण दाबल्यावर माझ्या फोनवरील नेटवर्कच्या यादीत त्याचे नाव लगेच दिसले, आणि तेही पूर्ण रेघांनिशी. ज्याचा रेडिओ मेला आहे त्याचे नाव यादीत येत नाही. पार्ट शाबूत होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे गरजेचे आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच आला. असा कॅमेरा घरातल्या राउटरला जोडला जात नाही. तो स्वतःच एक छोटा राउटर बनतो. तो स्वतःच्या नावाचे नेटवर्क सुरू करतो, जोडल्या जाणाऱ्या फोनला पत्ता देतो आणि पलीकडे काहीच ठेवत नाही. त्या नेटवर्कवर दोनच घरे असतात, कॅमेरा आणि फोन. इंटरनेट तेथे नसते आणि असणे अपेक्षितही नसते. २०१२ च्या सुमारास फोनला त्याचे काही वाटत नसे. वाय-फाय जोडले की सगळी माहिती त्याच वाटेने जायची, मग पलीकडे इंटरनेट असो वा नसो.

पहिला अडथळा पासवर्डचा निघाला आणि तो सोपा होता. कारखान्यातून येणारा पासवर्ड काकांनी कधीतरी बदलला होता. ते त्या वेळी भर समुद्रात होते आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रश्नाला एकच बरोबरची खूण दिसत होती. आम्ही थांबलो नाही. कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या मेनूत शिरून वाय-फायची सेटिंग मूळ स्थितीला आणली आणि पुस्तिकेत छापलेला पासवर्ड घातला. फोनवर "जोडले" असे आले, आणि भाच्याच्या मते काम झाले.

काम झाले नव्हते. कॅमेऱ्याचे चित्र फोनवर दाखवणारे ॲप उघडले की ते गोल फिरत राही आणि मग कॅमेरा सापडत नसल्याचे सांगे. ॲपबद्दलही थोडे सांगायला हवे. ते मी माझ्या फोनवर शोधले तेव्हा प्ले स्टोअरमध्ये दिसलेच नाही, मात्र भाच्याच्या फोनवर ते होते. यात गूढ काही नाही. फार जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेली आणि पुढे अद्ययावत न केलेली ॲप्स गुगल नव्या फोनवरच्या नव्या ग्राहकांना दाखवत नाही. ज्यांनी ती पूर्वी घेतलेली असतात त्यांना ती पुन्हा मिळतात. भाच्याने ते ॲप काकांबरोबर खेळताना आपल्या जुन्या फोनवर घेतले होते, म्हणून ते नव्या फोनवरही आले. ज्यांना असे ॲप स्टोअरवर मिळत नाही ते कुठल्याही संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून घेतात. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या फोनवर यूपीआय चालते त्या फोनवर तर नाहीच नाही.

ॲपला लोकेशनची परवानगी नाकारलेली होती. कॅमेऱ्याच्या ॲपला माझा ठावठिकाणा कशाला हवा, ही भाच्याची शंका रास्त होती, परंतु अँड्रॉइड ६ पासून नियमच असा आहे की आसपासच्या वाय-फाय नेटवर्कची यादी वाचायची असेल तर ॲपला लोकेशनची परवानगी लागते. आजूबाजूला कोणती नेटवर्क आहेत यावरून माणूस कुठे उभा आहे हे ओळखता येते, हे त्यामागचे कारण. अँड्रॉइड १३ मध्ये वाय-फायच्या इतर काही कामांसाठी "जवळची उपकरणे" अशी वेगळी परवानगी आली, पण जुन्या ॲपला तिची माहितीच नसते. आम्ही परवानगी दिली आणि फोनचे लोकेशनही चालू केले, कारण परवानगी असून लोकेशन बंद असेल तरीही यादी रिकामीच येते. आता ॲपला कॅमेऱ्याचे नाव दिसू लागले. चित्र मात्र आले नाही.

यानंतरचा अर्धा तास वाया गेला, आणि तो कसा गेला हे सांगणे मला आवश्यक वाटते. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा बनावट हार्डवेअर पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) दाखवतो. जुना कॅमेरा त्याला बिचकत असेल असे समजून मी ती सोय बंद केली. काही फरक पडला नाही. शेजारच्या एका जाणकार मुलाने नव्या फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झ हा वाय-फायचा लहरीपट्टा नसतो असे ठामपणे सांगितले. ते चुकीचे आहे, कारण आजच्या फोनमध्ये २.४ आणि ५ दोन्ही असतात, आणि कॅमेरा फक्त २.४ वर बोलत असला तरी फोन त्याच्याशी त्याच लहरीपट्ट्यावर बोलतो. मग भाच्याने ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकून पाहिला. फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे (नेटवर्क चालवणाऱ्या उपकरणाचा पत्ता) म्हणून १९२.१६८.१.१ असा आकडा दिसत होता. तो टाकल्याबरोबर एक पान उघडले आणि त्याने वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड मागितला. भाचा आनंदाने ओरडला. मीही क्षणभर फसलो. कॅमेऱ्याला असे पान कशाला असेल, हा विचार मनात आल्यावर मी वर पाहिले, तर फोन मधल्या मधे कॅमेऱ्याचे नेटवर्क सोडून माझ्या घरच्या वाय-फायवर परत गेला होता, आणि ते पान माझ्या राउटरचे होते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले असतात आणि कोणीही ते आपापल्या घरात वापरू शकतो. घर क्रमांक १ प्रत्येक वाड्यावर असते. पत्ता जुळला म्हणजे वाडा तोच असे नाही.

या चुकीनेच खरा धागा हाती दिला. फोन गुपचूप नेटवर्क सोडत होता. मी घरचा राउटरच बंद केला, जेणेकरून परत जायला जागा उरू नये. आता फोन कॅमेऱ्यावर टिकला, वर वाय-फायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह आले, आणि तरीही ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकल्यावर पान उघडेना. तेव्हा मी भाच्याला मोबाइल डेटा बंद करायला सांगितले. तोच पत्ता, तोच कॅमेरा, तीच जागा. या वेळी पांढऱ्या पानावर कॅमेऱ्याच्या फोल्डरची साधी यादी उघडली, आणि ॲप सुरू केल्यावर दोन सेकंदांत माझ्या खोलीतला पंखा त्याच्या फोनवर फिरताना दिसू लागला.

जोडणी होणे आणि माहिती त्या जोडणीतून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोनच्या पडद्यावरचे "जोडले" हा शब्द फक्त पहिलीबद्दल बोलतो. आजचा अँड्रॉइड फोन कोणत्याही वाय-फायला जोडला गेला की गुगलच्या ठरावीक पत्त्यावर एक छोटी विनंती पाठवून पाहतो. अपेक्षित उत्तर आले नाही तर त्या नेटवर्कवर इंटरनेट नाही अशी नोंद तो करतो. वाय-फाय जोडलेले ठेवतो, पण ॲप्सची माहिती मोबाइल डेटाच्या वाटेने सोडतो. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, हे असेच आहे. हॉटेलातल्या किंवा स्टॅंडवरच्या बिनकामाच्या वाय-फायवर अडकून पडणाऱ्या माणसाला त्याचा मोठा फायदा झाला. आमच्या प्रकरणात मात्र ॲप कॅमेऱ्याला मारत असलेली हाक मोबाइलच्या टॉवरकडे जात होती आणि तेथे असा कोणी राहतच नव्हता. नीट बांधलेले नवे ॲप "माझी माहिती या वाय-फायवरूनच जाऊ द्या" अशी मागणी फोनकडे करते. हे ॲप त्या काळातले नव्हते. कॅमेऱ्यात दोष नव्हता, फोनमध्येही नव्हता. फोन त्याला सांगितलेले काम चोख करत होता.

कायमचा उपाय म्हणून आम्ही फोनमधून कॅमेऱ्याचे नेटवर्क "विसरा" केले आणि पुन्हा नव्याने जोडले. असे केल्यावर फोन एक सूचना दाखवतो: या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का? ही सूचना पूर्वीही आली असणार, पण व्हॉट्सॲपच्या संदेशांच्या रांगेत भाच्याने ती अंगठ्याने बाजूला सारली असणार. या वेळी "होय" म्हटले आणि "पुन्हा विचारू नका" यावर खूण केली. त्यानंतर मोबाइल डेटा चालू असतानाही चित्र येऊ लागले. किंमत एवढीच की कॅमेरा जोडलेला असेपर्यंत बाकीचे इंटरनेट बंद. आयफोनवर प्रकार थोडा निराळा असतो. तेथे आयओएस १४ पासून ॲपला "स्थानिक नेटवर्क" ही परवानगी द्यावी लागते, आणि पहिल्या वेळी ती नाकारली असेल तर ॲप असेच गोल फिरत राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचा अंदाज मला आदल्या संध्याकाळी यायला हवा होता.

कॅमेरा भाच्याच्या मित्राच्या छातीवर होता आणि भाचा कडेला फोन घेऊन उभा होता. अंगणात वीस-पंचवीस पावलांवर टिकणारी जोडणी येथे सात-आठ पावलांवर तुटू लागली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे पाणीच. त्यातून मित्र पालथा पडला की कॅमेरा चिखलाखाली जाई आणि चित्र गोठे. (ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला जाणारे हौशी लोक पाण्याखाली फोनवर चित्र दिसत नाही म्हणून तक्रार करतात, तीही याच कारणाने. काही सेंटिमीटर पाण्यातच संकेत संपतो.) मात्र चित्र गोठले म्हणजे चित्रीकरण थांबले असे नव्हे. कॅमेरा कार्डवर लिहीत राहतो. फोन हा फक्त खिडकी आहे. हे भाच्याला मी सांगितले नव्हते. पडद्यावर चित्र दिसत असतानाही ते सुमारे दोन सेकंद मागे असे. त्याने लाल बटण दाबले, काहीच हलले नाही असे वाटून पुन्हा दाबले. पहिल्या दाबाने चित्रीकरण सुरू झाले होते, दुसऱ्याने बंद झाले. खेळाची पहिली अकरा मिनिटे अशी गेली, आणि कार्डावर त्यांच्या जागी तीन सेकंदांची एक क्लिप आहे, तिच्यात कोणाचा तरी कोपर दिसतो. त्यानंतर आम्ही ठरवले की सुरू-बंद फक्त कॅमेऱ्यावरच्या बटणाने करायचे आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकतो आहे की नाही तेवढेच पाहायचे. फोन चौकट बसवण्यापुरता, मग वाय-फाय बंद. जुनी बॅटरीही त्यामुळे जास्त टिकली.

दुसरी गोष्ट आणखी साधी. मधल्या वेळात भाच्याला स्टेटसला फोटो टाकायचा मोह झाला. इंटरनेट चालेना म्हणून त्याने कॅमेऱ्याचे नेटवर्क तोडले, फोटो टाकला, आणि पुन्हा जोडताना कॅमेरा झोपी गेला होता. ताईने घरातून तिचा अडगळीत पडलेला जुना फोन आणून दिला. त्यात सिम नव्हते, म्हणून माहिती जायला दुसरी वाटही नव्हती. त्यावर ॲप बिनतक्रार चालले, आणि आदल्या संध्याकाळचे सगळे खटाटोप त्या फोनवर करावेच लागले नसते हे पाहून मला थोडी लाजही वाटली. ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

वाय-फायचा एक दुष्परिणाम पावसाळी गोव्यात विशेष जाणवतो. वाय-फाय चालू असताना कॅमेरा चांगलाच तापतो. केस आम्ही पडवीत, ओल्या हवेत बंद केली होती, त्यामुळे आत कोंडलेली दमट हवा पावसाने थंड झालेल्या काचेवर धुके होऊन बसली. दहा मिनिटांत चित्र दुधाळ. केस पुसून, पंख्याखाली वाळवून, आत सिलिका जेलची पुडी ठेवून पुन्हा बंद केली तेव्हा प्रश्न सुटला. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकून देऊ नयेत, पण त्या आधी कोरड्या असल्याची खात्री करावी. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याची घरगुती पद्धत ताईने सुचवली होती; तांदूळ ओल तितकीशी ओढत नाही, आणि त्याचा भुसा बटणांत जातो.

संध्याकाळी क्लिप फोनवर घ्यायची वेळ आली. बारा मिनिटांची मुख्य क्लिप जवळपास २ जीबीची होती. ॲपमधून ती मागवल्यावर सेकंदाला दीड एमबीच्या आसपास वेग मिळाला, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटे, आणि तेवढा वेळ बॅटरी टिकली नाही. दोनदा अर्ध्यावर तुटले आणि प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात झाली. शेवटी कार्ड काढून, फोनच्या चार्जिंगच्या जागी लागणाऱ्या कार्ड रीडरमध्ये घातले. दीड मिनिटाच्या आत फाइल फोनवर होती. या कॅमेऱ्यांचे वाय-फाय चौकट पाहण्यासाठी उत्तम आहे आणि फाइल हलवण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी, असे माझे मत आहे, आणि जाहिरातींत नेमके उलटेच ठासून सांगितले जात असे.

क्लिप आली, पण भाच्याला गॅलरीत सापडेना. बॅटरी बरेच महिने बाहेर राहिल्याने कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर गेले होते आणि चिखलकालो गॅलरीच्या तळाशी, त्याच्या प्राथमिक शाळेतल्या फोटोंच्या शेजारी, १ जानेवारीच्या तारखेने जाऊन बसला होता. तारीख कॅमेऱ्यात नीट लावली. कार्डावरच्या जुन्या फाइली तशाच ठेवल्या.

काकांचे उत्तर चौथ्या दिवशी आले. पासवर्ड म्हणजे त्यांच्या पहिल्या बोटीचे नाव, सगळी अक्षरे लहान. भाच्याने तोच पुन्हा लावला. आता ताईच्या त्या जुन्या फोनच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि खाली "बटण कॅमेऱ्यावर दाबा" असे लिहिले आहे. बॅटऱ्या बाहेर काढून, त्यांच्या टोकांवरचा हिरवट थर खोडरबराने घासून, सगळे एका बंद डब्यात ठेवले आहे. चतुर्थीत कुंभारजुव्याच्या सांगोडाला, म्हणजे होड्यांवरून होणाऱ्या गणपती विसर्जनाच्या उत्सवाला, तो डबा पुन्हा उघडायचा आहे.